छोटं विमान पडतं ते कशामुळे?

ओहायोतल्या एका लहानशा विमानतळावर माझा भाचा विमानाच्या पंखाखाली वाकून उभा होता. हातात पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, औषधाचं माप असतं तशी. ती त्याने पंखाच्या तळाला टेकवून वर दाबली आणि निळसर पेट्रोल नळीत उतरलं. नळी आभाळासमोर धरून बघत म्हणाला, "पाणी असलं तर तळाशी थेंब बसतो." मग छोट्या शिडीवर चढून पंखावरचं झाकण उघडलं, टाकीत पट्टी बुडवली आणि पट्टी कुठपर्यंत ओली झाली ते वाचलं. पूर्वी रेशनचा दुकानदार रॉकेलच्या पिंपात काठी घालून बघायचा, अगदी तसं.

"अरे, आत काटा असेल ना?"

"आहे की. पण मामा, त्या काट्यावर भरवसा ठेवून उडालेल्या लोकांचे रिपोर्ट वाचलेत मी."

मग ते रिपोर्ट मीही वाचायला लागलो. अमेरिकेत नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड, म्हणजे एनटीएसबी, १९६७ पासून विमान अपघातांचा तपास करते आणि अहवाल सगळ्यांना वाचायला खुले ठेवते. पन्नासएक अहवाल वाचून झाल्यावर एक विचित्र गोष्ट होते. पहिल्या पानावर दिवस, वेळ, हवामान आणि वैमानिकाचे उड्डाणाचे तास वाचले की पुढे काय घडलं असेल याचा अंदाज यायला लागतो, आणि बऱ्याचदा तो बरोबर निघतो. छोटी विमानं पडायची कारणं मोजकीच आहेत. माणसं बदलतात, कारणं तीच.

छोटं विमान म्हणजे एक इंजिन, पुढे एक पंखा, चार खुर्च्या आणि चालवणारा बहुतेक वेळा मालकच. सेसना १७२ हा त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला नमुना. १९५६ पासून ४४,००० हून जास्त बनलीत, जगात दुसरं कुठलंच विमान इतकं बनलेलं नाही. आपल्याकडे अशी विमानं दिसतात ती मुख्यतः बारामती, गोंदिया, शिरपूर इथल्या प्रशिक्षण संस्थांमध्ये. म्हणून आपल्याला बातमी कळते ती शिकाऊ विमान शेतात कोसळल्याची. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत असंच झालं होतं, शिकाऊ वैमानिक मुलगी थोडक्यात बचावली. अमेरिकेत मात्र गावोगावी धावपट्टी आहे, आणि दाताचा डॉक्टर, शेतकरी, निवृत्त मास्तर असे लोक रविवारी जेवायला शेजारच्या गावी विमानाने जातात. त्यामुळे हा विषय खरा तिथला.

तिथे अशा विमानांचे वर्षाला साधारण हजार ते बाराशे अपघात होतात, त्यातले दोनशेच्या आसपास जीवघेणे. तासांच्या हिशोबात सांगायचं तर दर एक लाख तासांच्या उड्डाणामागे साधारण एक जीवघेणा अपघात. हौशी वैमानिक वर्षाला शंभर तास उडाला तर त्याच्या वाट्याला हजार वर्षांतून एक. ऐकायला बरं वाटतं. पण शंभर सभासदांच्या क्लबाचा हिशोब मांडला तर दर दहा वर्षांनी एक. जुन्या क्लबातल्या प्रत्येकाला 'तसा' गेलेला एक तरी माणूस माहीत असतो, तो यामुळे.

हे काही पहिल्यापासून असंच नव्हतं. सुरुवातीच्या काळात विमानंच कच्ची होती. जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ ला भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते पस मॉथ विमानातून. त्याच सुमारास जगात ठिकठिकाणी याच जातीची काही विमानं हवेत असतानाच पंख निखळून कोसळत होती. इंग्लंडमध्ये त्याचा तपास झाला, पंखांच्या आधाराच्या दांड्या मजबूत केल्या गेल्या. आज पंख निखळायची गोष्ट अगदी विरळा. इंजिनं बंद पडतात अजून, नाही असं नाही, पण चारातल्या तीन अपघातांत बोट शेवटी वैमानिकाकडेच जातं.

आता 'वैमानिकाची चूक' हा शब्दप्रयोग मला फारसा आवडत नाही. पोलिसांच्या पंचनाम्यातल्या 'चालकाचे नियंत्रण सुटले' सारखाच तो, काहीच सांगत नाही. नियंत्रण का सुटलं, हा खरा प्रश्न. आणि त्याचं सगळ्यात भयंकर उत्तर आहे आपल्या कानात.

फुगडी आठवा. गरगर फिरून थांबलं की जग उलट्या दिशेने फिरायला लागतं, आणि समोरच्या खांबाला धरलं नाही तर माणूस आपटतो. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या आहेत, त्यांत द्रव आहे. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळल्याचं कळतं. पण वळणं एकसारखं चालूच राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि कान सांगतो: सगळं सरळ आहे. जमिनीवर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात शिरलेल्या, किंवा काळोख्या रात्री समुद्रावर असलेल्या वैमानिकाला क्षितिजच दिसत नाही. विमान हळूहळू एका बाजूला कलतं, त्याला पत्ताच नसतो. कललेलं विमान नाक खाली घालतं, वेग वाढतो, उंची घटते. काट्यावर उंची कमी होताना दिसते म्हणून तो नाक वर करायला समोरचा दांडा मागे ओढतो. पण विमान कललेलं असल्यामुळे नाक वर येण्याऐवजी वळण आणखी आवळतं. कुणाला शंका आलीच आणि त्याने पंख सरळ केले, तर कान ओरडतो की आता तू उलटीकडे वळतोयस, फुगडी थांबल्यावर ओरडतो तसंच. बिचारा पुन्हा जुन्या बाजूला कलतो.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. केवळ उपकरणं बघून उडायचं शिक्षण नसलेले वीस जण घेतले, सोबत शिक्षक बसवला, आणि बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून त्यांच्या हाती विमान दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. कुणाचा विसाव्या सेकंदाला, कुणाचा आठव्या मिनिटाला. सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. वैमानिकांच्या जगात हा आकडा गायत्री मंत्रासारखा पाठ असतो. प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मात्र लोक विसरतात, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. त्याच लोकांना नंतर एकच गोष्ट शिकवली: ढगात शिरलात तर हातघाई करू नका, चाकं खाली करा, दांड्यावरचा हात काढा, वळण दाखवणाऱ्या काट्याकडे बघत पायाने सावकाश वळा आणि आलात तसे परत जा. थोड्या तासांच्या सरावाने जवळपास प्रत्येक उड्डाणात ते जमलं.

आता १६ जुलै १९९९ ची रात्र. अमेरिकेच्या माजी अध्यक्षांचा मुलगा, जॉन एफ. केनेडी ज्युनियर, बायको आणि मेहुणीला घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज विनयार्ड बेटाकडे निघाला. दुसऱ्या दिवशी कुटुंबात लग्न होतं. उजेडात निघायचं ठरलं होतं, उशीर झाला, आणि विमान उडालं तेव्हा रात्रीचे ८ वाजून ३८ मिनिटं झाली होती. एकूण अनुभव सुमारे ३१० तास. हे नवीन, जास्त ताकदीचं विमान त्याने ३६ तास चालवलं होतं, पण शिक्षक शेजारी नसताना जेमतेम तीन तास. त्या संध्याकाळी एका शिक्षकाने सोबत यायची तयारी दाखवली होती, त्याला हे एकट्याने करायचं होतं. वादळ नव्हतं. नियमानुसार दृश्यमानताही पुरेशी होती. फक्त दमट धुरकट हवा होती, आणि ऱ्होड आयलंडचा किनारा सोडून पाण्यावर गेल्यावर आभाळ आणि समुद्र एक झाले. रडारवर त्या विमानाची वाट उमटली आहे: उतरायला सुरुवात, एक वळण, परत वळण, आणि मग उजवीकडे कलत मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगाने खाली. विमानात काही बिघाड सापडला नाही. ऑटोपायलटसुद्धा होता.

मला या अहवालात सगळ्यात अस्वस्थ करते ती हवा. वादळ असतं तर तो निघालाच नसता.

दुसरं मोठं कारण स्टॉल. मराठीत आपण 'गाडी स्टॉल झाली' म्हणतो तेव्हा इंजिन बंद पडलेलं असतं. इथे तसं नाही. इंजिन ठणठणीत असताना पंख काम करायचं थांबवतो, त्याला स्टॉल म्हणतात. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून (काढू नये, तरी सगळ्यांनी काढलाय) तळवा जरासा तिरपा केला की वारा हात वर उचलतो. अजून तिरपा केला की अजून उचलतो. पण एका मर्यादेपलीकडे तो उचलत नाही, नुसता मागे ढकलतो. विमानाच्या पंखाची ही मर्यादा साधारण पंधरा-सोळा अंशांची. हवा पंखावरून सरकायची सोडून विस्कटते आणि पंख म्हणजे नुसता पत्रा उरतो.

हे घडायची ठरलेली जागा आहे. उतरताना विमान धावपट्टीला समांतर जातं, मग काटकोनात वळतं, मग पुन्हा काटकोनात वळून धावपट्टीच्या रेषेत येतं. या शेवटच्या वळणावर मागून वारा असला तर विमान रेषेच्या पलीकडे जातं. वैमानिकाला वाटतं, थोडं जास्त वळवलं की जमेल. आता आकडेमोड बघा. सेसना १७२ सरळ उडताना ताशी ९० किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं. पंख ६० अंशांत कलवून उंची धरून ठेवायची म्हटलं तर पंखावर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे १२७. आणि उतरताना विमानाचा वेग असतो साधारण १२०. सात किलोमीटरची उधारी, जमिनीपासून चारपाचशे फुटांवर. त्यात कुणी पायाने नाक ओढून वळवायचा प्रयत्न केला की आतला पंख आधी सोडतो आणि विमान गिरकी घेतं. दोन हजार फुटांवर हेच झालं असतं तर शिकवलेला माणूस सावरू शकला असता. इथे तेवढी उंचीच नसते.

खरं तर काय करायचं? काही नाही. वळण चुकलं की पूर्ण ताकद लावून वर जायचं, एक फेरी मारायची, पुन्हा उतरायचं. पाच मिनिटं आणि थोडं पेट्रोल. पण धावपट्टी समोर दिसत असताना ती सोडून जाणं माणसाच्या स्वभावात नाही.

जमिनीजवळ कसरती करणं हा याच जातीचा पण वेगळा प्रकार. २३ जून १९८० ला दिल्लीत सफदरजंग विमानतळाजवळ संजय गांधींचं पिट्स विमान हवाई कसरती करताना कोसळलं, दोघे गेले. त्यावर फार समजावण्यासारखं काही नाही.

वजनाचं गणित आपल्याला जास्त जवळचं आहे, कारण आपण वडापच्या जीपमध्ये वाढलो. सेसना १७२ मध्ये खुर्च्या चार. पण टाकी काठोकाठ भरली की माणसं आणि सामान मिळून साधारण अडीचशे किलोच उरतात. चार धडधाकट माणसं बसली की गणित चुकलं. विमान उडतं, हीच तर अडचण. जीप चढावर दमते तेव्हा लोक उतरून ढकलतात. त्यातून गाव उंचावर असलं की हवा विरळ, पंखाला पकड कमी, इंजिनाला दम कमी. ११ एप्रिल १९९६ ला अमेरिकेतल्या शायेन गावी, समुद्रसपाटीपासून सहा हजारांहून जास्त फुटांवर, सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि शिक्षक असे तिघे उडाले. अमेरिका आरपार उडणारी सगळ्यात लहान मुलगी म्हणून टीव्हीवाले मागे होते, पुढच्या गावी लोक वाट बघत होते. विमान मर्यादेपेक्षा जड, वर वादळी पाऊस. मुहूर्त टळू नये म्हणून निघाले आणि काही क्षणांत स्टॉल होऊन कोसळले. त्याच वर्षी अमेरिकेने मुलांच्या अशा विक्रमी उड्डाणांना आळा घालणारा कायदा केला.

आता पेट्रोल. विमान पेट्रोल संपून पडावं ही लाजिरवाणी गोष्ट, तरी ती होत राहते. नियम सांगतो, दिवसा पोचल्यावर निदान अर्ध्या तासाचं आणि रात्री पाऊण तासाचं पेट्रोल उरेल एवढं घेऊन निघा. समोरून वारा लागला, वाट चुकली, की हा अर्धा तास कधी खर्च झाला कळत नाही. यातही एक गंमत आहे. पुष्कळदा पेट्रोल संपलेलं नसतंच, ते दुसऱ्या टाकीत असतं. जुन्या मोटरसायकलवर गाडी आचके द्यायला लागली की आपण चालता चालता गुडघ्याखाली हात घालून कॉक रिझर्व्हवर फिरवायचो. विमानातही असा कॉक असतो. १२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात नुकतंच घेतलेलं लाँग-ईझेड विमान चालवत होता. हे घरगुती बनावटीचं विमान. मूळ आराखड्यात कॉक पुढे, पायांच्या मध्ये. बनवणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता, कॉकपिटमध्ये पेट्रोलच्या नळ्या नकोत म्हणून. हेतू चांगलाच की! पण कॉक फिरवायला पट्टा बांधलेल्या माणसाने पूर्ण मागे वळायचं, आणि तसं वळताना उजवा पाय आपसूक पॅडलवर दाबला जातो. कॉक घट्टही होता, म्हणून मेकॅनिकने त्याला एक पक्कड देऊन ठेवली होती. मागची पेट्रोलची पातळी दिसावी म्हणून एक आरसाही. तासभरच उडायचंय म्हणून त्याने पेट्रोल भरून घेतलं नाही. समुद्रावर इंजिनाचा दम गेला, तो मागे वळला असावा, आणि विमान उजवीकडे झुकून पाण्यात गेलं. गाठीशी अडीच हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता.

एक कारण ऐकून मी भाच्याला म्हणालो होतो, काहीतरीच काय. उन्हाच्या दिवशी इंजिनात बर्फ! पण होतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, माठातलं पाणी गार होतं तसं. बाहेर वीस अंश आणि दमट हवा असेल तर कार्बोरेटरच्या नरड्यात बर्फ धरतो आणि इंजिन घुसमटतं. समोर एक बटण असतं, ओढलं की गरम हवा आत येते. पण ही गरम हवा इंजिनाच्याच उष्णतेवर मिळते. इंजिन पार बंद पडेपर्यंत थांबलं तर नंतर बटणाचा काही उपयोग नाही.

पैशाचाही या गोष्टीत वाटा आहे. १९४७ मध्ये बीचक्राफ्ट कंपनीचं बोनान्झा विमान आलं. देखणं, वेगवान, शेपूट इंग्रजी व्ही अक्षरासारखी. लोकांनी त्याला 'डॉक्टर मारणारं विमान' असं टोपणनाव दिलं, कारण ते परवडायचं डॉक्टर-वकिलांना आणि त्यांच्याकडे पैसा भरपूर, सरावाला वेळ कमी. गुळगुळीत विमानाचं नाक एकदा खाली गेलं की वेग भराभर वाढतो. ढगात गोंधळलेल्या माणसाने दांडा ओढला की शेपटावर नको तेवढा भार. पुढे शेपटी मजबूत करावी लागली. आमच्या भाच्याच्या क्लबात दोन मराठी डॉक्टर आहेत, त्यांना हे टोपणनाव मुळीच आवडत नाही.

अलीकडे सिरस कंपनीने विमानालाच पॅराशूट लावलं. लाल दांडा ओढला की अख्खं विमान छत्रीखाली लोंबकळत खाली येतं. ऑक्टोबर २००२ मध्ये टेक्सासमध्ये पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाचा जीव त्याने वाचला, आजवर अडीचशेहून जास्त माणसं वाचली आहेत. मजा अशी की सुरुवातीची वर्षं या विमानांचे मृत्यू काही कमी नव्हते. छत्री होती, माणसं दांडा ओढत नव्हती. आपलं आपण सावरू, असं वाटत राहायचं. दांडा लवकर ओढायचा, लाजायचं नाही, हे शिकवायला लागल्यावर आकडे सुधारले.

तर त्या रविवारी आम्ही भाच्याच्या विमानाने नायगाराच्या सहलीला निघणार होतो. ओहायोतल्या कोलंबसहून विमानाने दोन तास, गाडीने साडेपाच-सहा. सकाळी पेट्रोल तपासून, पट्टी बुडवून, सगळं झालं, आणि मग भाचा पाच मिनिटं नुसता उत्तरेकडे बघत राहिला. ढग खाली होते, आठशे फुटांवर असतील. ढगात उडायचा परवाना अजून त्याच्याकडे नव्हता. "मामा, गाडीने जाऊ," एवढंच म्हणाला. मी खट्टू झालो, हे कबूल करतो. बायकोने तर तोंडच पाडलं.

एरी गाव जवळ आलं तेव्हा अकरा वाजले होते आणि आभाळ काचेसारखं लख्ख झालं होतं. "बघ, निघालो असतो तर आत्तापर्यंत धबधब्याखाली उभे असतो," बायको म्हणाली. भाच्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मामी, तो चिवड्याचा डबा पुढे दे ना."